खेळाडू कोणाच्या मालकीचा? संघबदलाच्या वादामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
२७ नोव्हेंबर २०२३ रोजी आयपीएलमधील दोन संघांनी एक व्यवहार जाहीर केला. गुजरात टायटन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सकडे परतला. बदल्यात कोणताही खेळाडू गुजरातला गेला नाही. व्यवहार रोखीचा होता. त्यासाठी तिजोरीत जागा करण्याकरिता मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला बंगळूरच्या संघाकडे सोपवले. पुढे १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी हार्दिकला मुंबईचे कर्णधारपद देण्यात आले आणि चाहत्यांत रणकंदन माजले. आजचा धागा या रणकंदनाच्या पूर्वजांविषयी आहे. जरा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
२४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादच्या प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली; कारण तो त्यांना सोडून गेला होता. १ एप्रिल रोजी वानखेडेवर मुंबईच्या प्रेक्षकांनीही त्याची हुर्यो उडवली. कारण तो ज्या रीतीने परत आला ती त्यांना मान्य नव्हती. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना समज द्यावी लागली. एकच माणूस दोन शहरांत एकाच वेळी ‘गद्दार’ ठरला. गुजरातला त्याने २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून दिले होते, आणि त्याआधी २०१५ पासून २०२१ पर्यंत तो मुंबईकडूनच खेळला होता.

३/
हा वाद मुंबई-अहमदाबादपुरता राहिला नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जिथे टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या खडखडाटात माणसाला ओरडून बोलावे लागते, तिथेही पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर निष्ठा, पैसा, अपमान हेच शब्द ऐकू येत. मात्र त्या टपरीवर बसलेल्या माणसांच्या आजा-पणजांना एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्याचा अर्थ चांगलाच ठाऊक होता. त्यांच्या कहाणीकडे आपण शेवटी येऊ. त्याआधी, खेळाडूची ‘मालकी’ ही कल्पना जन्मली कुठे, ते पाहू.

४/
इंग्लंडमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास १८८५ साली अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली. प्रारंभी खेळाडू हंगाम संपताच जास्त पैसे देणाऱ्या क्लबकडे जात. श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील, अशी इतरांना धास्ती वाटू लागली. म्हणून १८९३ मध्ये लीगने नियम केला: खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती राहील. करार संपला तरी क्लब ती नोंदणी राखून ठेवू शकेल, आणि क्लबच्या संमतीवाचून त्या खेळाडूला लीगमधील अन्य कोणत्याही संघाकडून खेळता येणार नाही.

५/
या नियमातील मेख नीट पाहावी. खेळाडूला कोणी डांबून ठेवलेले नव्हते. तो खेळ सोडून खाणीत, गोदीत, दुकानात जायला मोकळा होता. फक्त ज्या कामात तो निष्णात होता, ते काम दुसऱ्याकडे करण्याची त्याला मनाई होती. नोंदणीच्या या कागदाला लवकरच किंमत आली, आणि ती किंमत एक क्लब दुसऱ्या क्लबला देऊ लागला. आज आपण ज्याला ‘ट्रान्स्फर फी’ म्हणतो, तिचा उगम इथे आहे. ती माणसाची किंमत असल्याचे कोणी म्हणत नसे. सगळे नोंदणीची किंमत म्हणत.

६/
फेब्रुवारी १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा खेळाडू संडरलँडकडून मिडल्सब्रोकडे गेला, आणि एका खेळाडूसाठी प्रथमच १,००० पाउंड मोजले गेले. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. हा माणसांचा बाजार आहे, असा सूर उमटला. लीगमध्ये त्या काळी आठवड्याचे कमाल वेतन ४ पाउंड ठरवलेले होते. म्हणजे कॉमनच्या नोंदणीसाठी दिली गेलेली रक्कम ही त्या कमाल वेतनाच्या २५० आठवड्यांइतकी होती. मिडल्सब्रो तेव्हा खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होते. पुढच्याच सामन्यात कॉमनने पेनल्टीवर गोल केला, संघ जिंकला, आणि टीकेचा आवाज विजयाच्या आरोळ्यांत विरून गेला. तेव्हापासून चाहत्यांची तत्त्वे गुणतालिकेनुसार बदलत आली आहेत.

७/
अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकी बेसबॉलमध्ये हीच व्यवस्था त्याआधी, १८७९ मध्ये आली होती. तिला ‘राखीव कलम’ म्हणत. क्लब खेळाडूला वर्षानुवर्षे राखून ठेवू शके आणि त्याला न विचारता दुसऱ्या क्लबशी अदलाबदल करू शके. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या आपल्या खेळाडूला असेच फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लड बारा हंगाम त्या संघासाठी खेळला होता. तो कृष्णवर्णीय होता, आणि काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता.

८/
२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्याचे वार्षिक मानधन ९०,००० डॉलर होते. इतका पैसा घेणाऱ्याने तक्रार कसली करायची, असे अनेकांचे म्हणणे पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. परंतु १९७५ मध्ये एका लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात राखीव कलमाचा कणा मोडला. फ्लडने पेरले, त्याचे पीक इतरांनी कापले.

९/
आता चाहत्यांकडे येऊ. संघबदलावर चाहत्यांचा सर्वांत मोठा संताप झाला तो हॉकीत. आपल्या मैदानी हॉकीत नव्हे, कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑइलर्सने वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिस किंग्जकडे दिले. त्याच्यासोबत आणखी दोन खेळाडू गेले. मोबदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे खेळाडू, नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि १.५ कोटी अमेरिकी डॉलर आले. ग्रेट्स्कीच्या संघाने पाच वर्षांत चार वेळा स्टॅनले चषक जिंकला होता. चौथा चषक येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

१०/
पत्रकार परिषदेत ग्रेट्स्कीला रडू आवरले नाही. एडमंटनमध्ये संघमालक पीटर पॉकलिंग्टन यांच्या पुतळ्याचे दहन झाले. नेल्सन रीस या खासदाराने तर सरकारने हा व्यवहार रोखावा, अशी मागणी केली. काहींनी सगळा दोष ग्रेट्स्कीच्या नवपरिणित पत्नीवर ढकलला; ती अभिनेत्री होती, तिला हॉलिवुडजवळ राहायचे होते, म्हणून तिने नवऱ्याला नेले, असे बोलले गेले. घरातला कर्ता वेगळा निघाला की सुनेकडे बोट दाखवायची रीत आपल्यालाच ठाऊक आहे, असे समजण्याचे कारण नाही.

११/
त्या गदारोळात दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेआड झाल्या. पहिली: मालकाला रोख रक्कम हवी होती हे खरे, पण ग्रेट्स्कीनेही या व्यवहाराला संमती दिली होती आणि लॉस एंजेलिसची निवड त्याची होती. दुसरी अधिक बोलकी आहे: ग्रेट्स्की एडमंटनला आला तोच मुळी विक्रीतून. १९७८ मध्ये तो सतरा वर्षांचा असताना इंडियानापोलिसच्या संघमालकाने त्याला एडमंटनच्या मालकाला विकले होते. शहराला पहिला व्यवहार भाग्योदय वाटला आणि दुसरा विश्वासघात. दोन्ही वेळी खेळाडू तोच होता. फक्त पैसे कोणत्या दिशेने गेले ते बदलले होते.

१२/
हेच गणित मुंबईला लावून पाहू. ज्या रोहित शर्माच्या निष्ठेचे दाखले देऊन हार्दिकला बोल लावले गेले, तो रोहित पहिले तीन हंगाम हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून खेळला होता. मुंबई इंडियन्सने त्याला २०११ च्या लिलावात २० लाख डॉलरला घेतले. यात रोहितचा कसलाही कमीपणा नाही. त्याने मुंबईसाठी पाच विजेतेपदे मिळवली, ती त्याच्या कर्तृत्वाने. मुद्दा इतकाच, की ‘आमचा’ हा शब्द आपण व्यवहाराच्या आधी वापरत नाही. व्यवहार जुना झाला, त्याची पावती हरवली, की मग माणूस आपला होतो.

१३/
युरोपात शेवटचे मोठे कुलूप न्यायालयाने उघडले. इंग्लंडमध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या दाव्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावर खेळाडूला राखून ठेवण्याची प्रथा व्यवसायस्वातंत्र्यावरचे अन्याय्य बंधन ठरवली. पुढे बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनचा १९९० मध्ये लिएजच्या क्लबशी करार संपला, तरी क्लबने फ्रान्समधील डंकर्ककडे जाऊ देण्यासाठी पैसे मागितले. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निर्णय दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघात असे शुल्क मागता येणार नाही. योगायोग असा, की मुंबईने रोहितचे कर्णधारपद काढले ती तारीखही १५ डिसेंबरच.

१४/
आपल्याकडे मात्र कथा निराळ्या वाटेने गेली. महाराष्ट्रात मैदानी हॉकी आणि कबड्डी दीर्घकाळ पोसली ती कंपन्या, रेल्वे, बँका आणि सरकारी आस्थापनांनी. खेळाडूला संघ मिळे तो नोकरीच्या रूपाने. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले मुंबईत आला आणि महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात चमकला. इथे संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे. बेडी म्हणायची तर ती महिन्याच्या पगाराची आणि निवृत्तिवेतनाच्या आशेची. त्या बेडीला कोणी बेडी म्हणत नसे. घरी पेढे वाटत.

१५/
धनराजचा पुढचा प्रवास पाहा: लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील ल्यों, जर्मनीतील स्टुटगार्ट, ढाक्याचा अबाहनी असे कितीतरी संघ. भारतात २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तो मराठा वॉरियर्सकडून उतरला. इतके संघ बदलूनही महाराष्ट्रात त्याला कोणी गद्दार म्हटले नाही. कारण त्याची ओळख क्लबशी जोडलेली नव्हती. ती भारतीय संघाशी जोडलेली होती. क्लबावरून वैर धरायला क्लब लोकांच्या घरात शिरावा लागतो. ते काम २००८ नंतर दूरचित्रवाणीने केले.

१६/
२० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. महेंद्रसिंग धोनीवर चेन्नईने १५ लाख डॉलरची बोली लावली. ‘लिलाव’ हा शब्द मराठी मनाला खटकणारा होता. आपल्याकडे लिलाव होतो तो कांद्याचा, गुळाचा, जप्त केलेल्या घरादाराचा. खेळाडू लिलावात स्वतः नाव नोंदवतो आणि आपली मूळ किंमतही स्वतः ठरवतो, हे खरे आहे. पण हातोडा पडल्यावर कोणत्या शहरात जायचे, हे त्याच्या हाती उरत नाही. संघाला निवडीचा हक्क असतो. खेळाडूला सहभागी होण्याचा किंवा न होण्याचा.

१७/
वर्षभरातच अदलाबदलही सुरू झाली, आणि पहिल्या व्यवहारांपैकी एकात मराठी मुलखातला खेळाडू होता. २००९ च्या हंगामापूर्वी बंगळूरने श्रीरामपूरच्या झहीर खानला मुंबई इंडियन्सकडे दिले आणि मुंबईने रॉबिन उथप्पाला बंगळूरकडे. त्याच सुमारास मुंबईचा आशिष नेहरा दिल्लीला गेला आणि दिल्लीचा शिखर धवन मुंबईला आला. आज हे व्यवहार कोणाला आठवतही नाहीत. संघांना तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. निष्ठेला रुजायला वेळच मिळाला नव्हता.

१८/
झहीरचे नाव भारतीय कायद्याच्या पुस्तकांतही आहे, आणि ते याच प्रश्नासाठी. २००० ते २००३ या काळात त्याच्या जाहिरातींचे व्यवहार परसेप्ट डी’मार्क ही कंपनी पाहत असे. करारात एक कलम होते: मुदत संपल्यानंतरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी झहीरने तो या कंपनीसमोर ठेवायचा आणि तिला तीच बोली लावण्याची पहिली संधी द्यायची. झहीरने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ मध्ये निर्णय झहीरच्या बाजूने लागला. करार संपल्यावर माणसाला बांधून ठेवणारे कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

१९/
कलम २७ चा आशय साधा आहे: कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार, काही अपवाद वगळता, त्या मर्यादेपर्यंत निरर्थक. वाचायला किती उदार! पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कायदा वाचताना शेजारचा कायदाही वाचावा. या उदार कलमाच्या तेरा वर्षे आधी, १८५९ साली, याच ब्रिटिश सरकारने कामगारांसाठी एक कायदा केला होता. उचल घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम सोडले, तर मालक दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शके. दंडाधिकारी त्याला उचल फेडण्याचा किंवा काम पुरे करण्याचा आदेश देई. आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास.

२०/
म्हणजे १८७२ नंतरची अर्धशतकभर स्थिती अशी होती: व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला बांधले तर करार निरर्थक, मालकाने मजुराला उचलीने बांधले तर मजूर तुरुंगात. १८५९ चा हा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्याचे ठरले आणि १ एप्रिल १९२६ पासून तो गेला. कायदा गेला, उचल राहिली. आणि आता आपण सोलापूरला पोहोचलो.

२१/
१८७७ साली सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली. शहर तिला ‘जुनी गिरणी’ म्हणते. पण गिरण्यांच्या सावलीत दुसरे सोलापूर वाढत होते, ते हातमागांचे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ते वसवले. त्यांच्यातलेच काही कारखानदार झाले. एका छपराखाली ओळीने माग, मागावर मजुरीने विणणारे विणकर. गावाहून नव्याने आलेल्याला, किंवा लग्नकार्य निघालेल्याला, कारखानदार उचल देई. ती फिटेपर्यंत विणकर त्या कारखान्याशी बांधला जाई. लेखी करार असो वा नसो, वहीतली नोंद पुरेशी होती.

२२/
अशा व्यवस्थेत मालक बदलायचा तर मार्ग एकच: नव्या मालकाने जुन्या मालकाची रक्कम चुकती करायची. आता हे चित्र आल्फ कॉमनच्या शेजारी ठेवून पाहा. नवा मालक जुन्या मालकाला पैसे देतो, आणि मगच कुशल माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. फरक आहे, आणि तो लहान नाही. कॉमनच्या डोक्यावर ते १,००० पाउंड कर्ज म्हणून बसले नाहीत. विणकराच्या डोक्यावर मात्र जुने कर्ज नव्या नावाने बसले. खेळाडू विकला जातो तेव्हा किंमत मालक भरतो. विणकर स्थलांतर करतो तेव्हा ती किंमत तो स्वतःच फेडत राहतो.

२३/
तरीही विणकराला केवळ बळी समजणे चूक ठरेल. तमिळनाडूतील कुमारपाळयमच्या यंत्रमागांचा अभ्यास करणाऱ्या गीर्ट द नेव्ह यांनी १९९९ साली दाखवून दिले, की तिथल्या उचलीला, जिला ‘बाकी’ म्हणतात, कामगार स्वतःही डावपेचाने वापरतात. कुशल हात दुर्मीळ असले की कामगारच मोठी बाकी मागतो. मालक देतो, आणि तरीही कामगार टिकेल याची खात्री त्याला नसते. जिथे कौशल्य दुर्मीळ, तिथे बेडीचे टोक कधी कधी बांधलेल्याच्याही हाती येते. ग्रेट्स्कीच्या हाती ते आले होते, हार्दिकच्याही.

२४/
इथे काहीजण विचारतील: पंधरा कोटींच्या खेळाडूची तुलना मागावरच्या विणकराशी? आक्षेप रास्त आहे. दोघांची दुःखे सारखी नाहीत, आणि ती सारखी आहेत असे म्हणणे हा विणकराचा अपमान ठरेल. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतरही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. पण तुलना सुखदुःखाची नसून कागदाच्या रचनेची आहे. कर्ट फ्लडलाही ९०,००० डॉलरची आठवण करून देण्यात आली होती. दाम मोठा असला म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

२५/
याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रवींद्र जडेजाचे आहे. २०१० मध्ये त्याने राजस्थान रॉयल्सच्या नूतनीकरणाच्या करारावर सही न करता अन्य संघाशी थेट बोलणी करण्याचा प्रयत्न केला. शिक्षा म्हणून तो पूर्ण हंगाम त्याला खेळू दिले गेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच जडेजा चेन्नईकडून राजस्थानकडे गेला, आणि राजस्थानचा संजू सॅमसन चेन्नईकडे. यावेळी सगळे नियमाने झाले, संघांनी गौरवाचे निरोप लिहिले. खेळाडू आपणहून निघाला तर शिस्तभंग. संघांनी ठरवले तर व्यवहार. आता अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, ही प्रगती खरीच. मात्र पहिला दूरध्वनी खेळाडूने करायचा नाही, ही जुनी मेख अजून शिल्लक आहे.

२६/
आता चाहत्यांची बाजू. त्यांचा राग पोकळ नसतो. एडमंटन हे दूर उत्तरेकडचे, कडाक्याच्या थंडीचे शहर. ग्रेट्स्कीमुळे जगाने त्याचे नाव घेतले, आणि एका दुपारी ते नाव कोणीतरी विकून टाकले. ज्याने अर्ध्या पगाराचे तिकीट काढले, मुलाच्या पाठीवर क्रमांक छापून घेतला, त्याची या व्यवहारात कुठेही सही नसते. मालकाची असते, खेळाडूची असते, मंडळाची असते. ज्याच्या प्रेमावर सगळ्यांचे हिशेब उभे आहेत, तोच तेवढा कागदाबाहेर. मग तो आपला राग जिथे पोहोचतो तिथे काढतो: मैदानात समोर उभ्या असलेल्या माणसावर.

२७/
आणि इथेच माझे चाहत्यांशी मतभेद आहेत. निष्ठा हा शब्द मालकांच्या वहीत फार जुना आहे. सोलापूरच्या कारखानदारानेही सोडून जाणाऱ्या विणकराला कृतघ्न म्हटले असेल, कारण वहीत उचल होती. पण कारखानदाराला काम कमी झाले आणि त्याने माग बंद केला, तर त्याला कृतघ्न म्हणायला शब्दच नव्हता. २०२२ च्या हंगामापूर्वी मुंबई इंडियन्सने हार्दिकला राखून ठेवले नाही, तेव्हा वानखेडेवर कोणी संघाची हुर्यो उडवल्याचे आठवते का? निष्ठा एकाच बाजूने मागितली जात असेल, तर तिला उचलीचेच दुसरे नाव म्हणावे लागेल.

२८/
म्हणून पुढच्या वेळी असा वाद रंगला की चार प्रश्न विचारून पाहावेत. निघण्याचा विचार प्रथम कोणी केला? ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कोणाला होता? पैसे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले? आणि लोकांचा राग कोणी सोसला? हार्दिकच्या बाबतीत परतण्याची इच्छा त्याने व्यक्त केल्याचे गुजरातनेच जाहीर केले होते. तो राजीखुशीने आला. म्हणून निर्णयावर टीका करावी, नेतृत्वबदल चुकला असेही म्हणावे. मुंबई त्या हंगामात दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिली, हे खरेच आहे. पण मर्जीने जागा बदलणाऱ्याला गद्दार म्हणण्यापूर्वी, ती मर्जी मिळवायला किती माणसांना किती वर्षे लागली, ते आठवावे.

२९/
२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत जिंकला. ४ जुलैला विजयी संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला, आणि तेच मैदान हार्दिकच्या नावाने दुमदुमले. तीन महिन्यांत प्रेक्षकांचे मन फिरले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टपऱ्यांवरचा वादही तोवर दुसऱ्या विषयाकडे वळला होता. मागावरचा कामगार मात्र आजही दुसऱ्या मालकाकडे निघताना आधी एकच गोष्ट पाहतो: वहीत आपल्या नावावर किती रक्कम शिल्लक आहे.

३०/
धागा इथे संपवतो. आपल्या घरात, गावात कोणी हातमाग, यंत्रमाग, गिरणी वा ऊसतोडीच्या उचलीविषयी आठवणी सांगत असेल, तर त्या लिहून ठेवा. संघांच्या व्यवहारांची नोंद वृत्तपत्रे ठेवतात, खेळाडूंची नोंद न्यायालये ठेवतात. विणकरांच्या वह्या मात्र बहुधा रद्दीत गेल्या, आणि त्यांच्या नातवंडांखेरीज त्या कहाण्यांना आता दुसरा साक्षीदार नाही.